पाठमोरे कुरणेसाहेब

कुरणेसाहेब कुठलाही सामना मैदानाकडे पाठ करून बघत. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्या इनडोअर स्टेडियममध्ये पहिल्या रांगेच्या समोर, खेळाच्या रेषेपासून जेमतेम चार हातांवर त्यांची खुर्ची मांडलेली असे आणि तिचं तोंड प्रेक्षकांकडे असे. मागे दहा मुली धापा टाकत पळताहेत, शिट्ट्या वाजताहेत, मधूनच चेंडू येऊन खुर्चीच्या पायावर आदळतोय, आणि साहेब समोरच्या रांगांवरून नजर फिरवत बसलेले. कोण आलं, कोण अजून आलं नाही, कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाच्या शेजारी कुणाला बसवलं तर भांडण होईल. अकरा वर्षं ते त्या इमारतीचे व्यवस्थापक होते. त्या अकरा वर्षांत त्यांनी एकही चेंडू रिंगमधून खाली पडताना पाहिला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण त्यांतली नऊ वर्षं मी तिथे मुलींना बास्केटबॉल शिकवत होते.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ते सकाळची वेळ मागायला. तोवर मी मुलींना एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर खेळवत होते आणि त्यांचे गुडघे, कोपरं कायम सोललेली असायची. शहरात एवढं मोठं इनडोअर झालंय, लाकडी फ्लोअर आहे, तो सकाळी रिकामाच पडून असतो, असं कळलं म्हणून अर्ज लिहून नेला. साहेबांनी अर्ज वाचला नाही. तो चहाच्या कपाखाली ठेवला आणि मला म्हणाले, "मॅडम, एक सांगा. बघायला किती माणसं येतात?"

"सरावाला? सरावाला कुणी येत नाही."

"मग करायचा कशाला?"

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. पण ते खरोखर विचारत होते. "हे बघा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "खुर्चीवर माणूस बसला पायजे. खुर्ची भरली की आत काय बी चालू द्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचायचं कशाला?" शेवटी मला सकाळची वेळ मिळाली, पण एका अटीवर. दुसरा कुठला कार्यक्रम आला की आम्ही निमूटपणे बाहेर पडायचं. आणि कार्यक्रम यायचेच. दर आठवड्याला यायचे.

इमारतीला दोष देण्यात अर्थ नाही. ती बिचारी चांगली होती. तीन बाजूंना उतरती आसनं, त्यातली खालची सरकवून आत ढकलता येतील अशी, छताला वर ओढून घेता येणाऱ्या रिंगा, आणि मधोमध मधाच्या रंगाचा तो फ्लोअर. ज्यांनी बांधली त्यांनी खेळही व्हावेत आणि गाणंबजावणंही व्हावं म्हणून बांधली होती. कुरणेसाहेबांनी त्यातलं "आणि"च्या पुढचं तेवढं ठेवलं. साड्यांचं प्रदर्शन, ऑर्केस्ट्रा, लावणी महोत्सव, कुणाच्या मुलीच्या स्वागत समारंभाचं जेवण, सगळं त्या फ्लोअरवर. एकदा एका साखर कारखान्याची वार्षिक सभा झाली. सभासदांनी अध्यक्षांच्या दिशेनं खुर्च्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी मी फ्लोअरवरचे ओरखडे मोजत होते, तेव्हा साहेब समाधानानं म्हणाले, "काय सभा झाली मॅडम! एक खुर्ची रिकामी न्हवती." मी म्हटलं, "रिकामी कशी राहील? सगळ्या हवेत होत्या." त्यावर ते मनापासून हसले. अपमान त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही. वाटेतच कुठंतरी त्याचं कौतुक व्हायचं.

बास्केटबॉलला ते "टोपली" म्हणत. "टोपलीवाल्या पोरी आल्या काय?" असं माने क्लार्कना विचारत. त्यांच्या केबिनमध्ये एक लोखंडी कपाट होतं, त्यात शाली असत. तीन कप्पे. वरच्या कप्प्यात जाड जरीच्या, मंत्री आणि त्या पायरीच्या लोकांसाठी. मधल्यात नगरसेवक, संचालक, मोठे व्यापारी. खालच्यात पातळ, रंग जाणाऱ्या, त्या पत्रकार आणि शिक्षकांसाठी. खेळाडूंचा कप्पा कुठला, असं मी एकदा विचारलं. "खेळाडूला फूल बास की," ते म्हणाले. "वयच काय त्यांचं? शाल घेऊन करतील काय?" कुणाला कुठल्या कप्प्यातली शाल द्यायची याचा निर्णय ते क्षणात घेत आणि त्यात त्यांची चूक कधी झाली नाही. कुणाची पदोन्नती झाली, कुणाचं तिकीट कापलं गेलं, हे वर्तमानपत्राआधी त्या कपाटाला कळायचं.

असं असूनही मी त्यांना पूर्णपणे नाकारू शकले नाही, याचं कारण महापूर. त्या वर्षी पंचगंगेचं पाणी खालच्या गल्ल्यांतून शिरलं आणि चारेकशे माणसं इनडोअरमध्ये आणून ठेवली. मी मुलींना घेऊन भाकऱ्या पोचवायला गेले, तर साहेब लुंगी-बनियनवर, दोन दिवसांची दाढी वाढलेली, फ्लोअरच्या मधोमध उभे. "आजी, बीपीची गोळी घेतली काय? घेतली म्हणू नका, दावा." "अवो पावणं, तुमची म्हस वरच्या रस्त्याला बांधलीया, मी सोता बघून आलोय, गप झोपा." चारशे माणसांची नावं त्यांना पाठ होती. तिसऱ्या दिवशी थंडी वाढली तसं त्यांनी कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यापासून सगळ्या शाली वाटून टाकल्या. मंत्र्यांसाठी ठेवलेली जरीची शाल पांघरून एक म्हातारी भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. ते बघून मला वाटलं, या माणसाला आपण उगाच हलकं समजलो.

पाणी ओसरलं. पंधरा दिवसांनी मी गेले तर मधल्या बोळातून आमच्या संघांचे फोटो गायब. त्यांच्या जागी साहेबांचे आठ मोठे फोटो. साहेब म्हातारीला शाल पांघरताना. साहेब भात वाढताना. साहेब डोळे पुसताना. आमचे फोटो कुठं गेले, असं मानेंना विचारलं, तर ते खाली बघत म्हणाले, "फिनेल ठिवतो त्या खोलीत हायत, मॅडम. भिंतीला लावून ठेवलेत. फुटलं न्हाईत."

आता वैभवीबद्दल सांगते.

वैभवी कांबळे गडमुडशिंगीहून पहाटेच्या एसटीनं यायची. वडील एमआयडीसीतल्या फौंड्रीत, आई गावातल्या अंगणवाडीत. सतरा वर्षांची, उंच, बोलणं कमी. आमच्याकडच्या मुली "येतो, जातो" असंच बोलतात, तशी तीही बोलायची. चेंडू हातात आला की ती पुढे काय करणार हे तिच्याआधी कुणालाच कळायचं नाही. मी वीस वर्षांत शंभरेक मुली शिकवल्या असतील. त्यात अशी एकच. राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं होतं, आणि त्याच महिन्यात मुलींची राज्य स्पर्धा आमच्या इनडोअरला आली. कोल्हापूरचा संघ अंतिम फेरीत गेला. मुली दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

अंतिम सामना रविवारी सकाळी दहाला. आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्याच फ्लोअरवर मुंबईच्या एका गायकाचा कार्यक्रम ठेवला होता. मी महिनाभर आधीपासून नको म्हणत होते. "टेन्शन घेऊ नका की," एवढंच उत्तर. सकाळी आठला आम्ही पोचलो. मंच काढला होता, खुर्च्या उचलल्या होत्या, सगळं वरवर ठीक दिसत होतं. मी बूट काढून फ्लोअरवर तळवा टेकवला. हाताला बारीक तेलकट थर लागला. कार्यक्रमात धूर सोडायचं मशीन लावलं होतं. तो धूर सुंदर दिसतो, आणि रात्रीतून खाली बसतो. त्यावर रबरी तळव्याचा बूट ठेवायचा म्हणजे साबण लावलेल्या फरशीवर पळायचं.

साहेब दारात हलगीवाल्यांना कुठं उभं राहायचं ते दाखवत होते.

"साहेब, फ्लोअर धुवायला लागेल. गरम पाणी, साबण, मग कोरडा करायचा. दोन तास द्या. सामना बाराला घेऊ."

"बाराला? मॅडम, प्रमुख पावणं सव्वादहाला येणार. अकराला त्यांना जोतिबाला जायचंय. बारा वाजता पावण्यांच्या खुर्चीत मी बसू काय?"

"मुली पडतील."

"पुसून घेतो की." त्यांनी लगेच दोन बायकांना ओल्या फडक्यांनी फ्लोअर पुसायला लावला. ओल्या फडक्यानं तो थर निघत नाही, सगळीकडे सारखा पसरतो. हे मी त्यांना सांगितलं. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. आज सामना लांबला तर पुढच्या वर्षीपासनं स्पर्धा पुण्याला जाणार. आन् तुमच्या पोरींच्या सकाळच्या वेळेचं बी मग मला बघायला लागंल. लई मागण्या आल्यात त्या वेळेला. झुंबावाले मागाय लागलेत."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांना धमकी देणं जमत नसे. हवामान सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

यजमान संघाची प्रशिक्षक म्हणून फ्लोअर बघण्याची जबाबदारी स्पर्धेनं माझ्याकडे दिली होती. मी ठीक म्हटल्याशिवाय पंच सामना सुरू करणार नव्हते. दहाला पाच मिनिटं असताना मुख्य पंच माझ्याकडे आले. साताऱ्याचे, वयस्कर, सरळ गृहस्थ. "मॅडम, फ्लोअर?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

नंतर मुलींना जवळ घेऊन म्हटलं, "सावकाश खेळा, फ्लोअर जरा ओला आहे." अंतिम सामना, समोर पुण्याचा संघ, आणि मी सावकाश खेळा म्हणते आहे. इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

चौथ्या मिनिटाला वैभवी उजवीकडून आत घुसली, एकीला चकवलं, उडी घ्यायला डावा पाय रोवला आणि पाय जागेवर थांबलाच नाही. शरीर एकीकडे, गुडघा दुसरीकडे. तो आवाज मला वरच्या रांगेपर्यंत गेला असेल असं वाटलं. ती किंचाळली नाही. फ्लोअरला गाल टेकवून पडून राहिली, दोन्ही मुठी आवळून. सगळं स्टेडियम उभं राहिलं. तिच्यापासून वीस पावलांवर आमच्याकडे पाठ करून बसलेल्या कुरणेसाहेबांनी उभ्या राहिलेल्या लोकांकडे बघून आनंदानं विचारलं, "काय झालं? पावणं आलं काय?"

आणि खरंच तेव्हाच पाहुणे आले. स्ट्रेचर घेऊन आम्ही दाराशी पोचलो आणि समोरून हलग्या वाजायला लागल्या. दार एकच उघडं ठेवलं होतं. साहेब पळत आले, हात आडवा केला आणि म्हणाले, "दोन मिन्टं. दोन मिन्टं थांबा फक्त. पावणं आत येऊ देत." स्ट्रेचरवर सतरा वर्षांची मुलगी, तिचा गुडघा डोळ्यांदेखत सुजतोय, आणि तिच्या अंगावरून गुलाबाच्या पाकळ्या उडताहेत. पाहुण्यांनी जाताना तिच्याकडे बघून हातही जोडले. ती खेळाडूंची काही प्रात्यक्षिकं असावीत असं त्यांना वाटलं असेल. मी साहेबांचा आडवा हात बाजूला सारून पुढे जायला हवं होतं. मी थांबले. पूर्ण दोन मिनिटं थांबले.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, आतली गादीही फाटली होती. ऑपरेशन झालं. राज्याच्या शिबिराला दुसरी मुलगी गेली. वैभवी पुन्हा चालायला लागली, नंतर पळायलाही लागली, पण त्या पायावर उडी घ्यायची म्हटलं की तिचं शरीरच नको म्हणायचं. ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. तिच्या घरी गेले तेव्हा वडील म्हणाले, "नशीब म्हणायचं, मॅडम. तुम्ही तरी काय करणार?" मी चहा प्यायले आणि परत आले.

आठवड्याभरात स्पर्धा घेणाऱ्या संघटनेचं पत्र आलं. सामन्याआधी फ्लोअरची स्थिती कशी होती, हे यजमान प्रशिक्षकानं लेखी कळवावं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उत्तर टाइप करून तयार होतं. फ्लोअर स्वच्छ, कोरडा व खेळण्यास योग्य होता. खाली माझं नाव.

"एवढी सही करा की, मॅडम."

"हे खरं नाही, साहेब."

"खरं-खोटं कोण बघतंय? फायलीत लावायचं आणि विसरायचं." मग ते खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "पोरीला लागलं त्याचं मला बी वाईट वाटतंय. पर आता तिचा पाय काय या कागदानं बरा व्हणार हाय? उरलेल्या तीस पोरींचं बघा. सकाळी सहा ते आठ, कायमची वेळ, लेखी देतो. कुठला कार्यक्रम आला तरी तुम्हाला कोण हालवणार न्हाय."

मी सही केली. आणि सांगायला हवं म्हणून सांगते, त्यांनी शब्द पाळला. पुढची तीन वर्षं सकाळी सहा ते आठ आम्हाला कुणी हात लावला नाही. मी रोज त्या फ्लोअरवर उभी राहून मुलींना शिकवायचे, त्यांनी पदकं आणली, आणि मी कुरणेसाहेबांचा मनोमन तिरस्कार करत राहिले. घरी, मैत्रिणींत, मानेंशी बोलताना त्यांची टवाळी करण्यात माझा हात कुणी धरला नसता. शालींचे कप्पे, टोपली, पाठमोरी खुर्ची, सगळं मी रंगवून सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. सहीबद्दल मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांनी साहेब निवृत्त झाले. त्यांचा गौरव समारंभ इनडोअरलाच ठरला, आणि कुठल्या क्रमानं कोण बोलणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं. मला फोन आला. "मॅडम, खेळाच्या वतीनं दोन शब्द तुम्ही बोलायचं. आन् ती आपली पडलेली पोरगी, काय नाव तिचं? तिला आणा की. तिच्या हातनं मला पुष्पगुच्छ. बरं दिसतं."

मी वैभवीला फोन केला तो तिनं नाही म्हणावं म्हणून. ती तेव्हा एका दूध संघात तपासणी विभागाला लागली होती. ती म्हणाली, "येतो की. तुम्ही हाय न्हवं?"

स्टेडियम गच्च भरलं होतं. फ्लोअरवर हिरवं कापड, त्यावर खुर्च्या, समोर मंच. साहेब मधोमध, डोक्याला फेटा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर वरच्या कप्प्यातली शाल. दहा-बारा भाषणं झाली. एकानं त्यांना क्रीडातपस्वी म्हटलं. दुसऱ्यानं खेळ त्यांच्या रक्तात होता असं सांगितलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी दोन गोड वाक्यं पाठ करून आले होते. माइकसमोर उभी राहिले तर चौथ्या रांगेत वैभवी दिसली, दोन्ही बाजूंना तिचे आईवडील. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. आईनं नवीन पातळ नेसलं होतं.

माझ्या तोंडून ती वाक्यं निघाली नाहीत. मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी इथे अंतिम सामन्यात वैभवी कांबळे पडली. त्या दिवशी फ्लोअर निसरडा होता. मला ते माहीत होतं. मी साहेबांना सांगितलं होतं. पाहुण्यांची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी सामना सुरू करायला लावला, आणि मी पंचांना फ्लोअर ठीक आहे असं सांगितलं. नंतर तसं लिहूनही दिलं. ते खोटं होतं. तिच्या आईवडिलांना मी हे कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे."

मी मागे वळून साहेबांकडे पाहिलं. ते मान उंचावून शेवटच्या रांगा भरल्यात का ते बघत होते.

तेवढ्यात सूत्रसंचालक पुढे झाले. "धन्यवाद, मॅडम! खेळ, खेळाडू आणि साहेब यांचं अतूट नातं मॅडमनी अतिशय भावपूर्ण शब्दांत उलगडलं. जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी खाली उतरताना साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला. "छान बोललात, मॅडम. थोडं लांबलं, पर छान बोललात."

मग वैभवीचं नाव पुकारलं. ती जपून पायऱ्या चढली, साहेबांच्या हातात पुष्पगुच्छ दिला, नमस्कार केला आणि खाली उतरली. फोटो निघाला.

बाहेर आवारात ती मोपेडपाशी उभी होती. आईवडील पुढच्या रिक्षात बसले होते. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला तिची माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "फुलं का दिलीस त्यांना?"

"म्हातारा मानूस हाय. फुलं द्यायला बोलावलतं, दिली." तिनं हेल्मेटचा पट्टा सोडवला. "सहीचं मला ठावं न्हवतं, मॅडम. बाकीचं ठावं होतं. पहिल्याच मिन्टाला पाय सटाकला माझा. मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, मॅडम थांबवतील. तर तुम्ही तिकडं पाण्याच्या बाटल्या लावाय लागलता."

तिनं मोपेडला किल्ली लावली.

"सायबांवर राग धरून काय करू? त्यांना फ्लोअर म्हंजे काय ते बी कळत न्हवतं. तुम्हाला कळत होतं." हे तिनं चढ्या आवाजात म्हटलं नाही. दूध नासलंय की चांगलं आहे, हे सांगावं तितक्या साधेपणानं सांगितलं. मग हेल्मेट घातलं आणि रिक्षाच्या मागोमाग निघून गेली.

त्याच आठवड्यात मी संघटनेला पत्र लिहून खरी हकिकत कळवली आणि मी सही केलेलं जुनं पत्र खोटं असल्याचं नमूद केलं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. नव्या व्यवस्थापकांनी मात्र नोंद जास्त गांभीर्यानं घेतली आणि सकाळची वेळ झुंबावाल्यांना दिली. गडमुडशिंगीला एकदा जाऊन आले. वैभवीच्या वडिलांनी दार उघडलं, आत या म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. "आता सांगून काय व्हतंय, मॅडम," एवढंच म्हणाले. मी पुन्हा गेले नाही. हल्ली मी उपनगरातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर शिकवते. मुलींचे गुडघे सोलतात. पाऊस पडला की त्या दिवशीचा सराव मी सरळ रद्द करते, पालक कितीही कुरकुरले तरी.

कुरणेसाहेब यंदा उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले म्हणे. मैदानावर मुलींचा वॉर्मअप चालू असताना मानेंचा फोन आला. साहेब निवृत्त झाल्यापासून प्रथमच. शोकसभा इनडोअरलाच ठेवली आहे, परवा सकाळी, आणि खेळाच्या वतीनं मी बोलायचं आहे.

"मी येणार नाही, माने. त्या वेळी मुलींचा सराव असतो."

"आसं कसं, मॅडम?" त्यांचा आवाज खरोखरच दुखावला होता. "सगळी येणार हायत. आन् तुम्ही तर सायबांच्या एवढ्या जवळच्या."

माझ्या तोंडावर आलं होतं, कोण म्हणतं? काही कडवट, ऐकणाऱ्याला हसू येईल असं. अशी वाक्यं मी साहेबांवर पुष्कळ केली होती आणि ती मला अजून जमतात.

"व्हय, माने," मी म्हटलं. "जवळचीच होते."